न्याय्य टीका आणि तिचा पाया

जव्हार आणि मोखाडा हे आज पालघर जिल्ह्याचे शेजारशेजारचे तालुके आहेत, दोहोंकडच्या वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी घरांची सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत गुंतलेली आहे, आणि दोन्ही ठिकाणचा पाऊस, नागली, वरई व उन्हाळ्यातील पाण्याची ओढ ही एकाच जातीची आहे. तथापि १९४८ सालापर्यंत या दोन गावांवरील अंमल मात्र निराळा होता. जव्हार ही महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होती, आणि मोखाडा हा ठाणे जिल्ह्याचा, म्हणजे प्रत्यक्ष इंग्रज सरकारच्या मुलखाचा, एक पेठा होता. या भेदाचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मोखाड्याच्या महालकऱ्याने रयतेचा अर्ज दाबून ठेवला असे कोणी वर्तमानपत्रात लिहिले आणि त्याबद्दल त्या अधिकाऱ्याच्या वृत्तीवर कडक शब्दांत ठपका ठेवला, तर त्या लेखकाला पिनल कोडाच्या ४९९ व्या, म्हणजे बदनामीच्या, कलमातील अपवादांचा, निदान कागदोपत्री तरी, आश्रय होता. तोच मनुष्य तशाच शब्दांत एखाद्या संस्थानिकाच्या दरबाराविषयी लिहू लागला, तर त्याच्यासमोर १९२२ सालचा संस्थानिकांना अप्रीतीपासून संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा उभा राहत असे. हा कायदा मांडण्याची परवानगीसुद्धा मध्यवर्ती कायदेमंडळाने नाकारली होती. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो अमलात आणला, आणि १९३४ साली आणखी एका कायद्याने त्याला जोड दिली. पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असलेल्या या कायद्यातही एक पळवाट, किंबहुना एक सद्बुद्धीची खूण, ठेवलेली होती: द्वेष न चेतवता, कायदेशीर मार्गाने सुधारणा घडावी या हेतूने केलेली नापसंतीची टीका हा गुन्हा नव्हे, असे त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले होते. प्रत्यक्ष राजसत्तेच्या रक्षणासाठी रचलेल्या कायद्यालाही टीकेसाठी थोडी जागा सोडणे भाग पडावे, यामागे जे तत्त्व उभे आहे ते इंग्रजी अब्रुनुकसानीच्या कायद्यातून आलेले आहे, आणि त्याचे नाव फेअर कॉमेंट, म्हणजे न्याय्य टीका.

या तत्त्वाचा गाभा समजून घेण्यास कायद्याच्या पदवीची गरज नाही. एखाद्याची अब्रू गेली अशी फिर्याद झाली, की प्रतिवादीपुढे सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम बचाव असतो तो खरेपणाचा. मी लिहिले ते खरे आहे, आणि ते मी शाबीत करतो. परंतु मत हे खरे किंवा खोटे म्हणून शाबीत करता येत नाही. अमुक नाटक रटाळ आहे, अमुक मंत्र्याचा निर्णय निर्दयपणाचा आहे, अमुक पुस्तक लिहिणाऱ्याची दृष्टी कोती आहे, ही विधाने साक्षीपुराव्याने सिद्ध करण्याजोगी नव्हेत. आणि म्हणून केवळ खरेपणाचाच बचाव ठेवला असता, तर सार्वजनिक गोष्टींवर मत देणाऱ्या प्रत्येकाला मौन पाळावे लागले असते. ही अडचण ओळखून इंग्लंडच्या न्यायाधीशांनी असे ठरवीत आणले की विषय जर लोकहिताचा असेल, लिहिलेले जर वाचणाऱ्याला मत म्हणून ओळखू येत असेल, ते मत जर खऱ्या वस्तुस्थितीवर उभे असेल आणि ती वस्तुस्थिती वाचकाला कळेल अशा रीतीने सांगितलेली किंवा सूचित केलेली असेल, तर ते मत कितीही कडक, एकांगी वा अप्रिय असले तरी लेखकाला दंड होऊ नये. मात्र त्याने ते प्रामाणिकपणे बाळगलेले असले पाहिजे, मनात दुष्टावा धरून वरवर मताचे सोंग आणलेले असता कामा नये. या साऱ्या अटींत माझ्या मते सर्वांत महत्त्वाची अट वस्तुस्थितीची आहे. मताला मोकळीक आहे. ज्या जमिनीवर मत उभे राहते ती जमीन मात्र खरी असावी लागते, आणि इंग्लंडात काय किंवा आपल्याकडे काय, या बाबतीत जे गाजलेले खटले हरले गेले ते बहुतेक सगळे याच एका ठिकाणी ढासळलेले आहेत.

या विचाराचा आरंभीचा एक ठसठशीत दाखला १८०८ सालचा आहे. सर जॉन कार नावाचे गृहस्थ देशोदेशीच्या प्रवासांची वर्णने छापून प्रसिद्धीस आले होते. त्यांच्या लेखनपद्धतीची नक्कल करणारे एक पुस्तक निघाले, आणि त्यात जाडजूड ग्रंथांच्या ओझ्याखाली वाकून चाललेल्या एका मनुष्याचे व्यंगचित्रही होते. कार यांनी प्रकाशकावर दावा लावला. लॉर्ड एलनबरो यांनी ज्यूरीला जे समजावले त्याचा मथितार्थ असा, की जो ग्रंथ प्रसिद्ध करतो तो आपला ग्रंथ लोकांच्या परीक्षणासाठी पुढे ठेवतो, आणि परीक्षणाने त्याचा खप बुडाला तरी ते नुकसान कायद्याच्या दृष्टीने नुकसान नव्हे. परंतु परीक्षकाने ग्रंथाला सोडून ग्रंथकाराच्या खाजगी आयुष्यात शिरून त्याच्यावर बालंट आणले, तर तेथे मात्र कायदा आड येईल. ज्यूरीने निकाल प्रतिवादीच्या बाजूने दिला.

हाच भेद मेकॉले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानच्या पिनल कोडात ज्या कुशलतेने उतरविला, ती पाहिली म्हणजे कायद्याचे लेखनही किती नेमके असू शकते याची खात्री पटते. या कोडाचा मसुदा १८३७ साली तयार झाला, तो १८६० साली मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला. त्यातील बदनामीच्या कलमाला दहा अपवाद जोडलेले आहेत. सरकारी नोकराच्या कामकाजातील वर्तनाविषयी, कोणाही मनुष्याच्या सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित वर्तनाविषयी, निकाल लागलेल्या खटल्याच्या गुणदोषांविषयी, आणि लोकांच्या परीक्षणार्थ मांडलेल्या कृतीविषयी सद्भावनेने दिलेला अभिप्राय हा गुन्हा नव्हे, असे हे अपवाद सांगतात. पैकी सहाव्या अपवादाखालची उदाहरणे मुळातून वाचण्याजोगी आहेत. अमक्याचे पुस्तक मूर्खपणाचे आहे, त्याअर्थी तो दुर्बल बुद्धीचा असला पाहिजे, असे कोणी म्हणाला तर तो अपवादाच्या आश्रयाला येतो, कारण लेखकाच्या स्वभावाविषयीचा त्याचा तर्क पुस्तकातूनच निघालेला आहे. परंतु तोच बोलणारा जर म्हणेल की, या पुस्तकाचे मला नवल वाटत नाही, कारण हा मनुष्य मुळातच दुर्बल आणि दुर्वर्तनी आहे, तर तो आश्रय संपतो. कारण आता त्याचे मत पुस्तकावर आधारलेले राहिलेले नाही, पुस्तकाच्या बाहेरून आणलेल्या एका आरोपावर ते उभे आहे. शब्द जवळजवळ तेच; विचाराची दिशा तेवढी उलटी. कृतीकडून माणसाकडे जाणारा तर्क क्षम्य आहे, माणसाकडून कृतीकडे येणारा आरोप क्षम्य नाही. स्थानिक पत्रांतून लिहिणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे उदाहरण आपल्या टेबलावर लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटते.

मात्र इंग्लंडचा दिवाणी बचाव आणि आपल्या कोडातील अपवाद यांच्यात एक अंतर आहे, आणि ते आपल्या लेखकाला जड जाणारे आहे. इंग्लंडात मत प्रामाणिक असले म्हणजे बव्हंशी भागते. आपल्याकडे सद्भावना या शब्दाची कोडानेच व्याख्या करून ठेवली आहे: पुरेशी काळजी आणि लक्ष दिल्यावाचून केलेली गोष्ट सद्भावनेने केलेली आहे असे म्हणता येणार नाही. म्हणजे मन निर्मळ असून भागत नाही, चौकशीही केलेली असावी लागते. या अटीची किंमत महाराष्ट्रातील दोन थोर पुरुषांनी फार लवकर मोजली.

'मराठा' आणि 'केसरी' ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली, आणि वर्ष पुरे होते न होते तोच ती कोल्हापूरच्या प्रकरणात गुंतली. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज हे वयाने लहान. त्यांचे चित्त ठिकाणावर नाही असे सांगितले जात होते, कारभार रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हाती होता, आणि महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी सारा महाराष्ट्र हळहळत होता. अशा वेळी बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रे पुण्यात येऊन पोहोचली, ज्यांवरून महाराजांच्या जिवाविरुद्ध कट असल्याचे दिसत होते. 'केसरी'चे संपादक आगरकर आणि 'मराठा'चे संपादक टिळक या दोघांनी त्यांवर विश्वास ठेवून कारभाऱ्यांवर आग पाखडली. बर्व्यांनी फौजदारी फिर्याद केली. खटला मुंबईस हायकोर्टात चालला. आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी माफी देऊ केली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली, आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, सूट मिळून १०१ दिवसांनी, दोघे डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. आगरकरांनी त्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली.

या दोघांच्या सचोटीविषयी शंका घेणे कोणालाही शक्य नाही, आणि पुढे जे घडले त्याने त्यांची तळमळ निराधार नव्हती हेही दिसून आले. कारण १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, ते दुर्दैवी महाराज मृत्यू पावले. मग कायद्याने त्यांना दोषी का धरले? कारण त्यांनी जे लिहिले त्यातील टीकेचा भाग कितीही न्याय्य असला, तरी ती ज्या कागदांवर उभी होती ते कागद खोटे होते. महाराजांना वागवण्याची रीत निर्दयपणाची आहे, रीजन्सीचा कारभार लाजिरवाणा आहे, कोल्हापूरच्या गादीचा सांभाळ असा होता कामा नये, एवढेच लिहून ते थांबते आणि त्याखाली सर्वांना ठाऊक असलेली वस्तुस्थिती मांडते, तर त्यांच्या मताला हात लावणे कठीण गेले असते. कटाचा आरोप हा मात्र अभिप्राय नव्हता. ते घडलेल्या गोष्टीचे विधान होते, आणि ते शाबीत होऊ शकले नाही.

सदतीस वर्षांनी टिळक पुन्हा अब्रुनुकसानीच्या कोर्टात उभे राहिले, ते या वेळी फिर्यादी म्हणून आणि प्रत्यक्ष लंडनमध्ये. सर व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातील असंतोषावरील ग्रंथात टिळकांवर जे आरोप केले होते, त्यांपैकी सहा मुद्द्यांवर हा दावा होता: गोरक्षणाची चळवळ, तालमी, निधी जमवण्याची रीत, ताईमहाराज प्रकरण, १८९७ सालचा रँडचा खून आणि १९०९ सालचा नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा खून. २९ जानेवारी १९१९ रोजी न्यायमूर्ती डार्लिंग व खास ज्यूरी यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन आणि चिरोल व त्यांचे प्रकाशक मॅकमिलन यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन हे उभे होते. आणि २१ फेब्रुवारीस ज्यूरीने प्रतिवादींच्या बाजूने कौल दिला. खर्चाचा बोजा इतका भयंकर होता की तो फेडण्यासाठी महाराष्ट्रात वर्गणी उभारावी लागली.

या खटल्याचा राजकीय अन्याय सर्वपरिचित आहे, आणि न्यायाधीशाने ज्यूरीला केलेले भाषण एकतर्फी होते याबद्दल त्या काळच्या आपल्या लोकांत दुमत नव्हते. मला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते त्यातील कायद्याच्या एका नाजूक गाठीकडे. जॅक्सन यांचा खून नाशकात २१ डिसेंबर १९०९ रोजी झाला, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. त्या खुनाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध आहे असे म्हणण्याची सोयच नव्हती. चिरोल यांचे म्हणणे निराळ्या वळणाचे होते: ज्यांनी हा खून केला त्यांची मने टिळकांच्या लेखनाने आणि प्रचाराने तयार झाली होती. आता हे विधान वस्तुस्थितीचे की अभिप्रायाचे? टिळकांचे लेख छापील आहेत, त्यांच्या तारखा निश्चित आहेत, १५ जून १८९७ च्या 'केसरी'नंतर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या हा क्रमही निश्चित आहे. पण लेखामुळे गोळी सुटली हे, दोन खऱ्या गोष्टींच्या मधली जागा स्वतःच्या तर्काने भरून काढून, लेखकाने वाचकापुढे ठेवलेले अनुमान आहे. इंग्रजी कायद्यात अनुमान हेही पुष्कळदा टीकेत मोडते, आणि म्हणून जुन्या लेखांची कात्रणे एकामागून एक वाचून दाखवणाऱ्या वकिलाला ज्यूरीच्या मनात एवढेच रुजवावे लागते की, असे अनुमान कोणी काढू शकेल. कार्सन यांनी उलटतपासणीत तेच केले. बचावाचा मुख्य भर खरेपणावर होता हे खरे. तथापि टीका आणि आरोप यांच्या सीमारेषेवरील असल्या विधानांना परक्या ज्यूरीसमोर कोणता न्याय मिळतो, हे या खटल्याने दाखवून दिले. न्याय्य टीकेचे तत्त्व हे दुबळ्याचे शस्त्र म्हणून जितके उपयोगी, तितकेच ते बलिष्ठाच्या हातीही चालते, ही गोष्ट तत्त्वाची स्तुती करताना विसरता कामा नये.

इंग्लंडातील पुढील वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १८८७ च्या मेरिव्हेल खटल्यात एका परीक्षकाने नाटकावर टीका करताना त्यात नसलेला व्यभिचार असल्यासारखे लिहिले, आणि तो हरला. मत कडवट होते म्हणून नव्हे, तर नाटकात जे नव्हते ते त्याने आहे म्हटले म्हणून. १९५२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने मायकेल फूट यांच्या एका लेखाच्या प्रकरणी असे ठरविले की मताखालची सगळी वस्तुस्थिती लेखात तपशीलवार मांडलेली नसली तरी चालेल, वाचकाला ती कशाविषयी आहे हे कळण्याइतकी खूण असली म्हणजे पुरे. १९५८ मध्ये न्यायमूर्ती डिप्लॉक यांनी ज्यूरीला बजावले, की तुम्हाला हे मत पटते का हा प्रश्नच नाही. हट्टी, पूर्वग्रहदूषित, भाबडा मनुष्यसुद्धा ते प्रामाणिकपणे बाळगू शकेल का, एवढेच पाहा. न्याय्य या शब्दाने जो समतोलपणा सूचित होतो तो या बचावाला मुळी लागतच नाही, हे उघड होत गेले, तसतसा नावाविषयीचा असंतोष वाढला. २०१० साली सर्वोच्च न्यायालयात लॉर्ड फिलिप्स यांनी, एक वाद्यवृंद आणि त्याचे कार्यक्रम ठरवून देणारी संस्था यांच्या किरकोळ वाटणाऱ्या तंट्याचा निकाल देताना, या बचावाला प्रामाणिक टीका असे म्हणावे असे सुचविले. आणि १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या २०१३ च्या कायद्याने जुना बचाव रद्द करून त्याच्या जागी प्रामाणिक मताचा बचाव आणला, आणि विषय लोकहिताचाच असला पाहिजे ही अटही काढून टाकली.

आपल्याकडे मात्र दिवाणी बदनामीचा कायदा कधीच संहिताबद्ध झाला नाही. न्याय, समता आणि सद्विवेक यांच्या आधारे आपली न्यायालये इंग्लंडचे जुने नियम लावीत आली, आणि २०१३ चा इंग्रजी कायदा आपल्याला लागू नाही. परिणामी जे तत्त्व त्याच्या जन्मभूमीत नावासकट गेले, ते जव्हारच्या दिवाणी न्यायालयात कोणी दावा लावला तर आजही जुन्याच अटींसह चालेल. या अटी किती कसून लावल्या जातात याचा मुंबई उच्च न्यायालयातील प्रसिद्ध नमुना म्हणजे ठाकरसी विरुद्ध करंजिया हा दावा. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने १९६० साली एका मोठ्या गिरणीमालक घराण्याच्या व्यवहारांवर जळजळीत लेख छापला. प्रथम न्यायालयाने ३ लाख रुपये भरपाई देवविली आणि अपिलात ती दीड लाखावर आली. उद्योगपतींचा पैसा कोठून येतो हा विषय लोकहिताचा नाही असे कोणी म्हटले नाही. परंतु विषय लोकहिताचा आहे एवढ्याने वर्तमानपत्राला खास हक्क मिळत नाही, आणि मूळ आरोप शाबीत झालेले नसता त्यांवरील टीका न्याय्य ठरत नाही, असा या निकालाचा रोख होता. १९१४ साली रंगूनच्या एका संपादकाच्या अपिलात प्रिव्ही कौन्सिलनेही हेच सांगितले होते, की पत्रकाराचे स्वातंत्र्य हे सामान्य प्रजाजनाच्या स्वातंत्र्याइतकेच आहे, त्याहून कमी नाही आणि अधिकही नाही.

आता हे सारे जव्हार-मोखाड्याच्या मातीवर आणून पाहू. वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्याच्या हद्दीत उभे आहे, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. या विषयावर लिहिणाऱ्या बातमीदाराची, समजा, चार वाक्ये आहेत. पहिले: अमुक पाड्यावर आठ दिवसांत टँकरची एकच खेप आली. दुसरे: धरणाच्या उशाशी राहणाऱ्यांना असे तहानलेले ठेवणे हा राज्यकारभाराला कलंक आहे. तिसरे: ही व्यवस्था पाहणारा अधिकारी हृदयशून्य असला पाहिजे. चौथे: त्याने उरलेल्या खेपा ठेकेदाराशी संगनमत करून विकल्या. पहिले वाक्य वस्तुस्थितीचे आहे आणि ते खेपांच्या नोंदवहीवरून, टँकरसोबत ठेवल्या जाणाऱ्या लॉगबुकावरून, पाड्यावरच्या लोकांच्या सह्याअंगठ्यांवरून शाबीत होऊ शकते. दुसरे निखळ अभिप्राय आहे. तिसरे माणसाविषयी असले तरी मेकॉलेच्या उदाहरणाप्रमाणे कृतीवरून काढलेले आहे, आणि पहिले वाक्य त्याच्या आधी छापलेले असल्यामुळे वाचक स्वतः ठरवू शकतो की हा तर्क त्याला पटतो किंवा नाही. चौथे वाक्य दिसायला तिसऱ्याचेच भावंड आहे, संतापाच्या भरात लेखणीतून सहज उतरणारे आहे, आणि तेच सगळा लेख बुडवते; कारण ते गुन्ह्याचे विधान आहे, आणि त्याला कलंक, शंका, लोकभावना असल्या कोणत्याही शब्दाचे पांघरूण घातले तरी ते मत होत नाही.

याहून कठीण प्रश्न कुपोषणाचा आहे, आणि या दोन तालुक्यांइतका तो फार थोड्या ठिकाणी जळता आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा देश हादरला, आणि त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात हा विषय वर्तमानपत्रांत परत येतो. एखाद्या बालकाचे वजन ही वस्तुस्थिती आहे. ते अंगणवाडीच्या नोंदवहीत आहे. दंडाचा घेर ही वस्तुस्थिती आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाला ती रंगीत पट्टी लावून ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी माप आले, की सेविका त्याची नोंद सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, अशी करते. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा अतिसार लिहिलेले असते, आणि तेही खोटे असेलच असे नाही. मग हा कुपोषणाचा बळी, असे जेव्हा बातमीदार लिहितो, तेव्हा तो काय करीत असतो? चिरोलच्या बाबतीत पाहिले तेच: दोन नोंदींच्या मधली जागा अनुमानाने भरतो. फरक एवढाच की येथील अनुमानाला वैद्यकशास्त्राचा भरभक्कम आधार आहे, कारण भुकेने खंगलेल्या देहाला साधा ज्वर आणि जुलाबही झेपत नाहीत हे कोणताही डॉक्टर सांगेल. अशा लेखात वजन, पट्टीचे माप, दाखल्यावरील कारण आणि त्यांच्या तारखा ही सर्व वाचकापुढे ठेवून नंतर बळी हा शब्द वापरला, तर तो शब्द टीका म्हणून टिकतो. नोंदी गाळून नुसताच शब्द छापला, तर तोच शब्द आरोप म्हणून उभा राहतो, आणि शाबितीचा भार लिहिणाऱ्याच्या मानेवर येतो. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने या नोंदींच्या शिक्क्यानिशी नकला मागता येतात, ही आगरकर-टिळकांना नसलेली सोय आजच्या लेखकाला आहे. तिचा उपयोग लेख छापण्यापूर्वी करावयाचा, समन्स आल्यानंतर नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल प्रकरणात आणखी एक मोठा दिलासा दिला. सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना बदनामीचा दिवाणी दावा लावताच येणार नाही, आणि सरकारी अधिकाऱ्याच्या कामकाजावरील टीकेबाबत, लिहिलेले चुकीचे ठरले तरी, सत्याविषयी बेपर्वाई दाखवलेली असल्यावाचून भरपाई मिळणार नाही. म्हणजे १९१८ साली संस्थानाच्या अमलात स्थापन झालेली जव्हारची नगरपरिषद किंवा आजची जिल्हा परिषद कोणा लेखकाकडे भरपाई मागू शकत नाही. परंतु हा दिलासा दिवाणी भरपाईपुरताच आहे. फौजदारी बदनामीची तरतूद घटनेला धरून आहे असा निर्णय २०१६ साली त्याच न्यायालयाने दिला, आणि १ जुलै २०२४ पासून पिनल कोडाची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात ती, दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा समाजसेवेच्या शिक्षेसह, दहाही अपवाद आणि सद्भावनेची जुनी व्याख्या कायम ठेवून, जवळजवळ जशीच्या तशी आली आहे. त्यामुळे एकाच लेखातील एकच चूक दिवाणी न्यायालयात माफ होऊ शकते आणि फौजदारी न्यायालयात तीच लेखकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करू शकते, कारण तेथे काळजी घेतल्याचा पुरावा त्यानेच द्यावयाचा असतो. मुंबईच्या मोठ्या पत्राला वकील आहेत. मोखाड्याहून दोनशे प्रती काढणाऱ्या साप्ताहिकवाल्याला तारखांना हजर राहण्याचा एस.टी.चा खर्चही शिक्षेसारखाच असतो. अधिकाऱ्यांच्या कामकाजावरील टीकेच्या बाबतीत तरी, सद्भावना या शब्दाचा अर्थ राजगोपाल निकालाच्या प्रकाशात लावला जावा आणि बेपर्वाईची शाबिती फिर्यादीवरच टाकली जावी, अशी मागणी जव्हारच्या बार रूमपासून विधिमंडळापर्यंत झाली पाहिजे, आणि ती करण्यासाठी इंग्लंडच्या नव्या कायद्याची नक्कल करण्याची गरज नाही. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचे तीस वर्षांपूर्वीचे शब्द त्यासाठी पुरेसे आहेत.